दहावीचं वर्ष आणि टेकडी

"हिचं दहावीचं वर्ष ना गं?"

लिफ्टमध्ये शेजारच्या काकू. रविवार, सकाळचे सव्वानऊ. आमच्या सगळ्यांच्या बुटांना तांबडी धूळ, धाकट्याच्या खिशात कसल्या तरी शेंगा आणि थोरलीच्या हातात काटेसावरीचं एक जाडजूड लालभडक फूल. मी म्हटलं, "हो, दहावीचंच." काकूंनी फुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुढे बोलल्या नाहीत. पण चौथ्या मजल्यापर्यंतच्या त्या शांततेत सगळं आलं.

ही गोष्ट फेब्रुवारी 2025 ची. त्या वर्षी बोर्डाने परीक्षा एरवीपेक्षा लवकर घेतल्या होत्या. बारावी 11 फेब्रुवारीला सुरू झाली, दहावी 21 ला. म्हणजे आम्ही टेकडीवरून आलो तेव्हा पेपरला दोन आठवडेही उरले नव्हते. तरीही गेलो, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही गेलो. आता धाकटा आठवीत आहे. दोन वर्षांनी हाच प्रश्न परत येणार, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

आपल्याकडे फिरायला सगळ्यात छान महिना कुठला, तर फेब्रुवारी. आणि घराघरात दारं लावून बसायचा महिना कुठला? तोही फेब्रुवारीच. मे महिन्यात सुट्टी देऊन पोरांना भाजायला मोकळं सोडायचं आणि हवा गोड असते तेव्हा कोंडून ठेवायचं, हे वेळापत्रक कुणी बनवलं त्याला एकदा भेटायचंय मला.

आमची टेकडी म्हणजे पुण्यातली वेताळ टेकडी. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूनं गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे सासूबाईंच्या गुडघ्यांची सोय होते. वर पोचलं की पुढे बराचसा सपाट रस्ता. निघताना 12-13 अंश, सगळे स्वेटर-कानटोपीत. साडेआठला ऊन असं चढतं की एकेक थर उतरायला लागतो. जाताना स्वेटर ज्याच्या त्याच्या अंगात, येताना सगळे माझ्या हातात. दुपारी पारा 32 वर. एका दिवसात दोन ऋतू.

आणि दर रविवारी टेकडी वेगळी असते. म्हणूनच मला तीच ती जागा आवडते. जानेवारीच्या शेवटी काटेसावर नुसती काटेरी, पानं गळून उघडी पडलेली. पुढच्या आठवड्यात फांद्यांवर काळपट हिरव्या बोंडांसारख्या कळ्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात झाड पेटलेलं आणि वर मैना, बुलबुल, कावळे यांची भांडणं. फूल खाली पडतं तेव्हा चक्क थप्प असा आवाज येतो, इतकं ते वजनदार. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात, तांबट एका लयीत पुक पुक करत बसतो. गिरिपुष्पालाही याच सुमाराला गुलाबी बहर येतो, आणि लोक त्याच्याखाली परदेशात असल्यासारखे फोटो काढतात. झाड बाहेरून आणून लावलेलं, वृक्षप्रेमी मंडळी त्याच्या नावानं बोटं मोडतात. मला पटतं त्यांचं. फोटो मीही काढलाय.

सासूबाई यवतमाळकडच्या. पुण्यात येऊन चाळीस वर्षं झाली तरी पळस दिसला की त्या तिकडच्या होतात. "हा काय पळस म्हणायचा का? आमच्याकडे रस्ताच्या रस्ता पेटते," हे दरवर्षी. मग त्या फुलांचा रंग रात्रभर पाण्यात कसा भिजवायचा, ते दरवर्षी. पोरं आता त्यांच्याआधी वाक्य पूर्ण करतात.

यापेक्षा 'खास' काही करू म्हणून एकदा हुरडा पार्टीला गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. मनगटाला कागदी पट्टा, हुरड्याला कूपन, कूपनला रांग. डीजे इतका मोठा की आगटीपाशी बसलेल्या मावशींना "अजून थोडा द्या" हे खुणेनं सांगावं लागलं. हुरडा कसा खायचा? गोवऱ्यांच्या धगीत कणीस भाजलं की तळहातावर चोळून, फुंकर मारून, गरम गरम तोंडात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. आमच्या ताटलीत आला तो गार, वरून शेव. धाकटा दिवसभर रेन डान्समध्ये. घरी येताना गाडीत कुणीच कुणाशी बोललं नाही, सगळे दमलेले आणि पैसे मोजून आनंद घ्यायच्या नादात वैतागलेले.

टेकडीवर असं दडपण नसतं. पोरं कंटाळतात, खुशाल कंटाळू द्यावं. कंटाळली की दगड उलटवतात, वणवा पसरू नये म्हणून वाळक्या गवतातून काढलेल्या जाळरेषेवर शर्यती लावतात, मोराचं पीस शोधतात. स्पीकर लावून चालणारी मंडळी मात्र भेटतात. त्यांना एकच विनंती, तुमची गाणी तुमच्याच कानात वाजू द्या.

त्या फेब्रुवारीत टेकडीवरच्या दगडखाणीच्या काठावर उभं राहून थोरली पाण्याकडे बघत एकदम म्हणाली, "आई, मला सायन्स नाही घ्यायचं." घरात हा विषय तीन महिने टाळला जात होता. माझा नवरा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी सुटलेली नव्हती. बराच वेळ बांधत होता. मग म्हणाला, "बरं. खाली गेल्यावर पोहे खाता खाता बोलू." बोललो. जेवणाच्या टेबलावर, अभ्यासाच्या टाइमटेबलसमोर हे निघालं असतं तर काय झालं असतं ते मला नीट माहीत आहे, कारण माझ्या दहावीत तसंच निघालं होतं.

टक्के किती पडले, असं कमेंटमध्ये विचारू नका. सांगणार नाही.

ज्यांना रविवारी सकाळ जमत नाही त्यांच्यासाठी एक. संक्रांतीनंतर दिवस मोठा होतो खरा, पण तो आधी संध्याकाळकडून वाढतो. पुण्यात सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मधल्या-शेवटच्या दिवसांत, सातच्याही पुढे. पण डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आत मावळणारा सूर्य फेब्रुवारीअखेर 6.40 पर्यंत थांबतो. क्लास सुटल्यावर पोराला थेट घरी न आणता पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून यायला तेवढा उजेड पुरतो. गुडघे दुखत असतील तर खाली सारसबाग आहेच. थंडीत तिथल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात. आमचा धाकटा लहानपणी तो बघितल्याशिवाय स्वतःचा स्वेटर घालायचा नाही.

"शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते," असं सासूबाई म्हणतात. म्हणजे हातात रविवार मोजकेच.

येणार असाल तर पावणेसातला, आमच्या सोसायटीच्या फाटकाशी. बोरं मी आणते. स्वेटर ज्याचा त्याने सांभाळायचा.