कूलरची बादली उचलू का, हे पेशंटच विचारणार ना!

फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो मेसेज शेवटी मोठ्या बाबांनीच टाकला. म्हणे 'ऑर्टिक डिसेक्शनच्या (महाधमनीचा आतला थर फाटण्याच्या) पेशंटना रिसर्चमध्ये विचारणं हे परदेशी फॅड आहे, ऑपरेशन झालं की प्रश्न संपला, पेशंटला काय कळतं, रिसर्च म्हणजे औषधं टोचून बघणं.' ज्यांची स्वतःची महाधमनी फाटली होती त्यांनीच खाली 'अगदी बरोबर' लिहावं, म्हणून राहवत नाहीये.

प्रश्न संपला? अहो, टाइप ए मध्ये, म्हणजे हृदयाजवळच फाटली तर, ऑपरेशनमध्ये तेवढा फाटलेला भाग बदलतात, पण बऱ्याच जणांची पुढे पोटाकडे जाणारी धमनी चिरलेलीच राहते, म्हणूनच जन्मभर बीपीची गोळी आणि ठरल्या वेळी स्कॅन. हे वाचून कोणी गोळी सोडली तर जबाबदार कोण? आणि खरे प्रश्न तर घरी आल्यावर सुरू होतात. डिस्चार्जच्या कागदावर 'जड उचलू नये' एवढंच होतं, जड म्हणजे किती ते कुठेच नाही. नागपूरच्या मे महिन्यात कूलरमध्ये पाणी कोण भरणार, भरलेली बादली श्वास रोखून उचलली की बीपी चढतं, मग अर्धी बादली चालेल का? रात्री छातीत जरा कळ आली की पुन्हा फाटली का या भीतीने मोठी आई जागी बसते. पोरांचा पण इको करायचा का? (करायचा, जवळच्या रक्ताच्या नात्यात तपासणी सांगतातच.) हे प्रश्न ओटीमधल्या सर्जनला आपोआप कसे सुचतील?

फॅड म्हणाल तर ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स 2004 पासून पेशंट, घरचे आणि डॉक्टर एकत्र बसवून कशावर संशोधन व्हावं ते ठरवतंय. अमेरिकेत ऑर्टिक डिसेक्शन कोलॅबोरेटिव्हने याच आजारासाठी तेच केलं आणि त्यांच्या विषयांत मानसिक आरोग्य आणि रोजचं जगणं आलं, नुसतं कापणं-शिवणं नाही.

टोचून बघण्याचं म्हणाल तर विषय ठरवायला बसणं वेगळं आणि ट्रायलमध्ये जाणं वेगळं, ट्रायलला तर लेखी संमती लागतेच.

एक मान्य करतो, कोणता ग्राफ्ट (बसवायची कृत्रिम नळी) चांगला, आकडेमोड कशी करायची, हे पेशंट नाही सांगू शकत. आणि अशा बैठकांना शिकलेले, बोलके लोकच जास्त येतात हेही खरं. पण त्यावर उपाय आणखी पेशंट बोलावणं हाच आहे ना, अमेरिकेच्या यादीत आपली कूलरची बादली कशी येईल?

मोठे बाबा, मेसेज डिलीट करा. पुढच्या फॉलोअपला धंतोलीच्या हॉस्पिटलला मी सोबत येतो, सगळे प्रश्न कागदावर लिहून ठेवा, बादलीचा सगळ्यात वर.