रेडिओवाले काका, चूक माझी, पण अर्धीच

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचायला घेतली आणि पोहे गार झाले. माझा वायफायवरचा लेख वाचून तुम्ही राउटर डब्ल्यूपीए-३ वर (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) नेलात, त्यासरशी टाकीवरचं ईएसपी८२६६ (पाण्याची पातळी कळवणारी छोटी वायफाय चिप) नेटवर्कपासून तुटलं ते तुटलंच. नळाला नर्मदेचं पाणी येऊन गेलं, मोटर लागलीच नाही, आणि वहिनींचं बोलणं वेगळं. वर तुमचा प्रश्न: 'टाकीत किती पाणी आहे हे चोरून कुणी काय करणार? नेटवर्कचं नाव लपवा, मॅक फिल्टर लावा (म्हणजे ओळखीच्या उपकरणांनाच आत घ्या), बस झालं!'

मोटरचं पाप माझ्या माथी. आर्डुइनोच्या नेहमीच्या कोअरवर (चिपसाठीच्या मूळ सॉफ्टवेअरवर) त्या चिपला डब्ल्यूपीए-३ कळत नाही, हे मी लिहायला हवं होतं. लेखात आता दुरुस्ती केली आहे. तुमच्यापुरतं सांगायचं तर घरचं नेटवर्क डब्ल्यूपीए-३ वरच राहू द्या. टाकीसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढा: २.४ गिगाहर्ट्झ (ही चिप ५ वर चालतच नाही), डब्ल्यूपीए-२ (आधीची पद्धत), एन्क्रिप्शन फक्त एईएस, जुनं टीकेआयपी बंद.

'कुणी काय करणार' हे मात्र पटत नाही. पाण्याची पातळी कुणाला हवी आहे? त्या डबीत तुमच्या वायफायचा पासवर्ड आहे, म्हणजे घराची किल्ली गच्चीवर टांगलेली. परवा मी माझाच, इंदूरच्या जेल रोडवरून आणलेला ईएसपी३२ (त्याच घराण्यातली मोठी चिप) खाली काढला, यूएसबीला जोडला आणि ईएसपीटूल या प्रोग्रामने ४ एमबीची सगळी फ्लॅश (चिपची साठवण) फाइलमध्ये उतरवून घेतली. चहा होईतो काम झालं. फाइलीत शोधलं तर पासवर्ड सरळ अक्षरांत समोर. त्याच्याच खाली आधीचाही, जो मी कधीच बदलला होता! एनव्हीएसमध्ये (फ्लॅशमधला सेटिंग ठेवायचा भाग) जुनी नोंद 'खोडलेली' अशी खूण होऊन पडून राहते, पान पुसलं जाईपर्यंत. उद्या बोर्ड जळाला की तुम्ही तो कचऱ्याच्या गाडीत ई-कचऱ्याच्या खान्यात टाकाल. फ्लॅश बहुधा शाबूतच असेल.

ईएसपी३२ वर फ्लॅश एन्क्रिप्शन आहे, पण त्यात ईफ्यूज (चिपमधली एकदाच बदलता येणारी खूण) कायमचा जळतो. आधी फुटकळ बोर्डावर हात बसवा. ८२६६ वर ती सोयच नाही, म्हणून तर त्याला गेस्टचा पासवर्ड द्यायचा, घरचा नाही.

आता तुमचे दोन उपाय. नाव लपवलं तरी जोडणी होताना ते उघडच हवेत जातं; उलट तुमचा फोन सराफा बाजारात उभा राहूनही त्या नावाने हाका मारू शकतो. मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, तर प्रत्येक फ्रेमच्या (हवेतून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याच्या) माथ्यावर एन्क्रिप्शनशिवाय लिहिलेला असतो; ऐकायचा आणि आपल्या कार्डाला लावायचा. तुम्ही रेडिओवाले, हवेत गेलेलं कोण ऐकेल यावर आपला ताबा नसतो हे मी तुम्हाला काय सांगू!

डब्ल्यूपीए-२ मध्ये खरा भार पासवर्डवर. जोडणीची देवाणघेवाण एकदा पकडली की पुढचे अंदाज घरी बसून बांधता येतात, तुमच्या राउटरला पत्ताही लागत नाही. ८ ते ६३ अक्षरं चालतात. ८ वर थांबू नका. आणि नातवाचं नाव-जन्मसाल नको.

एक अडचण येईल. पातळी दाखवणारा सर्व्हर घरच्या नेटवर्कवर असेल तर गेस्टमधून तो दिसणार नाही. तोही गेस्टवरच हलवा. राउटरमध्ये मेन्यू सापडला नाही तर फोटो टाका, पासवर्ड झाकून.