पट्टी वाढवण्याचे दोन मार्ग

गळा चढत नाही आणि अंगमेहनत तर मुळीच नको, अशी तुमची अवस्था असेल तर खचून जाऊ नका. इटालियन लोकांनी तुमच्यासाठी कापो नावाची सोय करून ठेवली आहे. एक कापो दुकानात विकत मिळतो, दुसरा स्वतःच व्हावं लागतं. दोघांचं काम तेच : आपण काही वाजवायचं नाही, फक्त दाबून धरायचं आणि पट्टी वाढवायची. पट्टी गाण्याची की घरपट्टीसारखी वसुलीची, एवढाच काय तो फरक.

आधी स्वस्तातला. गिटारच्या मानेवर बसणारा हा चिमटा. एफ कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या सुरांचा जुडगा) धरताना तर्जनीने सहाही तारा दाबाव्या लागतात आणि बोट रडतं ना? रियाज वगैरे जुन्या लोकांनी करावा. पहिल्या पडद्याला (मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या काडीला) कापो लावा, सोप्या ई कॉर्डची बोटं ठेवा, एफ हजर. गाणाऱ्या ताईंना आणखी वरून गायचंय? कापो एक घर पुढे सरकवा. पेटीवाल्यांनी स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर बदलणाऱ्या पेट्या, घेतल्या तेव्हा कोणी हसलं का? (हसले, पण पाठीमागे.) कापो पडद्याला खेटून लावा. ढिला राहिला तर तारा खरखरतात, फार जोरात दाबला तर बेसूर होतात. हे पुढच्या कापोलाही लागू आहे.

तो न्यूयॉर्कच्या माफियात मिळतो. पूर्ण पदनाम कापोरेजिमे. खाली ‘सैनिकां’ची टोळी, वर उपप्रमुख, त्याच्या वर बॉस. पोरांनी जुगार, सावकारी, खंडणीतून आणलेल्या पैशातला आपला वाटा काढायचा आणि वरचा वाटा वर पोचवायचा. हुकूमही तुमच्याच तोंडून खाली जातो, त्यामुळे कोर्टात बॉस म्हणू शकतो, ‘मी या पोरांना ओळखत नाही.’ तुम्ही ओळखता, ही किरकोळ अडचण. शिवाय जागा इटालियन वंशाच्यांसाठी राखीव, जोशी-पाटलांनी अर्ज करून फी वाया घालवू नये.

माफियाचं माहेर असलेल्या इटलीच्या सिसिली बेटावर दुकानदारांकडून घेतात त्या खंडणीला पिझ्झो म्हणतात. पिझ्झा तुम्ही मागवता, पिझ्झो तुमच्याकडून मागवला जातो. तिथल्या पालेर्मो शहरातले कपड्यांचे कारखानदार लिबेरो ग्रासी यांनी 1991 मध्ये वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून ‘देणार नाही’ म्हणून सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या. फार दाबलं की काय होतं, ते वर सांगितलंच आहे. 2004 मध्ये त्याच शहरातल्या तरुणांनी एका रात्रीत भिंतीभिंतीवर स्टिकर चिकटवले, की पिझ्झो देणारा समाज स्वाभिमान गमावलेला समाज असतो. मग काही दुकानदार उघडपणे ‘आम्ही देत नाही’ म्हणू लागले. धंद्याच्या दृष्टीने वाईटच.

बढतीचा मोह मात्र आवरा. न्यूयॉर्कचा माफिया बॉस साल्वातोरे मारांझानो याने 1931 मध्ये स्वतःला सगळ्या कापोंचा कापो, म्हणजे सगळ्या बॉसांचा बॉस, ठरवून टाकलं. 10 सप्टेंबरला मॅनहॅटनमधल्या त्याच्या ऑफिसात काही माणसं सरकारी अधिकारी म्हणून शिरली आणि त्याला भोसकून, वर गोळ्या घालून निघून गेली. तेव्हा तिथवर पोचलातच, तर तपासणीला आलेल्या साहेबांचं ओळखपत्र चष्मा लावून, मागून-पुढून वाचत जा.