गेवराईच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. काल दिवसभर गल्ल्यावर बसून तीच डोक्यात घोळत होती. आज मार्केट बंद आहे म्हणून निवांत लिहायला बसलो. लांबण लागेल, पण तुम्ही मन लावून लिहिलंत, तर उत्तरही तसंच द्यायला हवं.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जगात कुठं लढाई पेटली की आपल्या गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि फेसबुकवर माणसं क्रिकेटचा सामना बघितल्यासारखं बोलतात, आणि मला त्याचा त्रास होतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर दादांनी तीन गोष्टी सुनावल्या. ‘सोयाबीन पाण्यात गेलं, कापसाला भाव नाही आणि तुम्हाला इराण-इस्रायल सुचतंय. मराठवाड्याच्या माणसाला होर्मुझशी काय देणंघेणं?’ ही पहिली. ‘माणूस दिवसभर राबतो, रात्री दोन मेसेज टाकून मन मोकळं करतो. त्याच्या मेसेजनं कुठं बॉम्ब पडत नाही,’ ही दुसरी. आणि तिसरी, जी मला लागली: ‘देशाच्या बाजूनं बोलणाऱ्याला तुम्ही गप्प बसवताय.’

पहिल्या मुद्द्यातली खरी गोष्ट आधी मान्य करतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीवर मी एक ओळ लिहिली नाही. मानवतला माझं कृषी सेवा केंद्र आहे. गोदाकाठच्या कितीतरी जणांची खाती माझ्या उधारीच्या वहीत आहेत. जूनमध्ये नेलेलं बी-खत दसऱ्या-दिवाळीला फेडायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा बोलीचा व्यवहार. त्या दसऱ्याच्या आठवड्यात त्यातले तिघं नुसतेच येऊन बाकड्यावर बसले, चहा घेतला आणि निघून गेले. विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. त्यावर लिहायला बसलो की हात चालत नव्हता. चूक झाली. लिहीन.

पण होर्मुझशी देणंघेणं नाही हे पटत नाही. मी खतवाला आहे, म्हणून दुकानापासूनच सांगतो.

इराण आणि ओमान यांच्या मधली ती चिंचोळी सामुद्रधुनी सगळ्यांत अरुंद जागी ३३ किलोमीटर आहे. मानवतहून परभणी साधारण तेवढंच. जग जेवढं तेल वापरतं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा एवढ्याशा वाटेनं जातो. आपण डिझेलपर्यंत विचार करतो आणि थांबतो, खताचं कुणी बोलत नाही. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. आपण जहाजानं जो वायू आणतो त्यातला मोठा वाटा कतारचा, आणि कतारच्या जहाजाला बाहेर पडायला होर्मुझशिवाय वाट नाही. सौदीचं डीएपी, म्हणजे स्फुरदाचं दाणेदार खत, रास अल-खैर बंदरातून निघतं, तेही आखाताच्या आतल्या अंगाला. जॉर्डन-मोरोक्कोचं फॉस्फेट तांबड्या समुद्रातून यायचं. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हुती बंडखोरांनी तिथं जहाजांवर हल्ले सुरू केले आणि कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली. वरून चीननं आपल्या खताची निर्यात आवळली.

हे पावतीवर दिसत नाही. २०२५ मध्ये युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना होती, डीएपीची ५० किलोची १३५० ला. वरचा भार सरकार सोसतं. त्यामुळं जगातली भांडणं खताच्या दुकानात भाव वाढून येत नाहीत, ‘रेक लागला नाही’, म्हणजे खताची मालगाडी आली नाही, म्हणून येतात. २०२५ च्या जूनमध्ये मी शटर उघडायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असायची. एका सकाळी त्यातला एक तरुण इस्रायल-इराणचे व्हिडिओ बघत होता, मोठ्या आवाजात. मला बघून मोबाइल खिशात घातला आणि विचारलं, ‘भाऊ, डीएपी कधी येणार?’ मी म्हणलं, दुसरी मिश्र खतं आहेत, दहा-सव्वीस-सव्वीस आहे, वीस-वीस-शून्य-तेरा आहे. ‘ते नको, डीएपीच पाहिजे.’ व्हिडिओतला समुद्र आणि त्याची गोणी एकाच वाटेवर आहेत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही त्या दिवशी सांगितलं नाही, गर्दी होती.

ऑगस्टात हे अजून उघड झालं. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं, ते २७ ऑगस्टपासून लागू झालं. त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर ट्रम्पच्या नावानं रात्रीला दोनशे-दोनशे मेसेज पडायचे. त्याच्या आठ दिवस आधी, १९ ऑगस्टपासून, बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क केंद्रानं उठवलं होतं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग २८ ऑगस्टला मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. कापड गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून. गिरण्यांची अडचण खरी आहे, त्यांचा माल अमेरिकेला जातो. पण आपली वेचणी दसऱ्याच्या पुढं-मागं सुरू होते, आणि ज्याच्याकडे दुसरं काही नाही तो शेतकरी पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस डिसेंबरच्या आतच विकतो. नेमका तोच काळ. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ८११० रुपये होता. खासगी व्यापारी त्याच्या किती खाली मागतोय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सरकारी खरेदी करणाऱ्या सीसीआयकडे (कापूस महामंडळ) जावं तर ॲपवर नोंदणी, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत.

शुल्क उठवल्याची ती बातमी मी ग्रुपवर टाकली होती. तिच्यावर एक अंगठा आला, जिनिंगच्या काट्यावर बसणाऱ्या मुनीमजींचा. बाकी कुणी नाही. दादा, ट्रम्पवर बोलणाऱ्यांचा मला राग नाही. एवढा संताप ग्रुपवर होता, त्यातला थोडा जरी त्या बातमीकडं वळला असता तर तहसीलला एक निवेदन तरी गेलं असतं.

आता मन मोकळं करण्याचं. यावर मला वाद घालायचा नाही, एक रात्र सांगायची आहे.

२३ जून २०२५. इराणनं कतारमधल्या अल उदैद या अमेरिकेच्या तळावर क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा वाजले होते. आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा मुलगा दोह्याला वेल्डर आहे. आयटीआय केलं, दोन वर्षं इकडं काम शोधलं, मग एजंटाला पैसे भरून गेला. मावशी गल्लीच्या ग्रुपवर आहेत, पण कधी लिहीत नाहीत. साडेदहाला त्या आमच्या दारात आल्या, मोबाइल पदरात धरून. ‘भाऊ, याचा फोन लागंना. ग्रुपवर काय बघायलेत सगळे?’

मी मोबाइल हातात घेतला. मुलाला पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक. आणि वर एकामागून एक ग्रुपचे मेसेज येत होते. आभाळात जाळाचे लोळ, त्याखाली ‘आली रे दिवाळी’, ‘अजून हाना’, ‘आता खरी मजा’. लिहिणारे सगळे ओळखीचे. त्यातल्या एकाच्या बारशाचा स्वयंपाक मावशींनी केला होता. मी ग्रुपचा आवाज बंद करायला गेलो तर त्यांनी हात धरला. ‘आवाज बंद नका करू, त्याचा फोन आला तर कळायचा नाही.’ ग्रुपचा आवाज वेगळा बंद करता येतो हे मी दोनदा सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना, आणि त्या घडीला मी जास्त बोललोही नाही.

पाऊण वाजेपर्यंत त्या आमच्या ओट्यावर बसून होत्या. मोबाइल वाजायचा, त्या लगबगीनं उचलायच्या, आणि ग्रुपचाच मेसेज असायचा. परत वाजायचा, परत उचलायच्या. पाऊण वाजता मुलाचा आवाज आला. खोलीवर आहे, खिडक्या हादरल्या, बाकी ठीक. त्या हल्ल्यात कुणी दगावलं नाही, बहुतेक क्षेपणास्त्रं हवेतच पाडली होती. पण ते आपल्याला नंतर कळलं.

मेसेजनं बॉम्ब पडत नाही हे खरंय. पण त्या सव्वादोन तासांत त्या माउलीच्या हातातला मोबाइल काय करत होता ते मी बघितलंय. लिहिणाऱ्यांतला एकही माणूस वाईट नाही. सकाळी कळल्यावर दोघं जण तिच्या घरी जाऊन आले, तिच्यापुढं मान खाली घालून बसले.

आणि देशाची बाजू. २०२५ च्या ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा माझ्याही दुकानावर तिरंगा होता. पहलगामला २६ माणसं मारली होती, राग मलाही होता. त्याच आठवड्यात विमान पाडल्याचा एक व्हिडिओ मी स्वतः चार ग्रुपवर पाठवला. दुकानात येणारं अकरावीतलं पोरगं म्हणालं, ‘काका, हा गेम आहे, मी खेळतो हा.’ केंद्र सरकारच्या पीआयबीचं फॅक्ट चेक त्या दिवसांत असले व्हिडिओ एकामागून एक खोटे ठरवत होतं. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी तर टीव्हीवरही चालली. मी तो व्हिडिओ चारही ठिकाणाहून काढला आणि खाली लिहिलं की तो खोटा होता, मी न बघता पाठवला. ते लिहिताना मी देशाच्या बाजूनंच होतो, दादा.

१० मेला शस्त्रसंधी झाली. सरकारचा निर्णय ज्यांनी देशाला सांगितला त्या परराष्ट्र सचिव विक्रम मिस्रींना आणि त्यांच्या मुलीला लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की त्यांना आपलं खातं कुलूपबंद करावं लागलं. त्याआधी, पहलगामला नवरा गमावलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीनं ‘मुसलमानांच्या, काश्मिरींच्या मागं लागू नका’ म्हटलं, तर तिलाही सोडलं नाही. ही जर देशाची बाजू, तर मिस्री कुणाच्या बाजूनं बोलत होते? आणि ती बाई?

आपल्या मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. एकेकाळी जगाची बातमी आपण होतो, तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. निजामानं १९४८ साली हैदराबादचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढं तो निघाला आणि दुसऱ्या दिवशी निजामानं भारतीय सैन्यापुढं शरणागती पत्करली. लातूरला वकिली करणारा, रझाकार या निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचा म्होरक्या कासिम रझवी दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायची भाषणं करायचा, आणि इकडं खेड्यात ‘रझाकार आले’ एवढ्या आवईवर माणसं रात्रीतून रानात पळायची. माझी आजी दोन लेकरं घेऊन उभ्या जवारीत रात्रभर बसली होती, धाकट्याच्या तोंडावर पदर दाबून. ‘खरंच आलते का नुसती आवई होती, ते कधीच कळलं न्हाई,’ म्हणायची. भारतीय सैन्याच्या त्या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, आवया उलट्या फिरल्या आणि शेजारचं तांबोळ्याचं घर रातोरात रिकामं झालं, हेही तीच सांगायची, आवाज बारीक करून. त्या वेळी झालेल्या हिंसेची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती दिल्लीहून आली होती.

पॅरिसमध्ये, लंडनमध्ये त्या आठवड्यात पेपर वाचून कुणी ना कुणी ‘बरं झालं’ म्हणालं असेल, कुणी ‘वाईट झालं’. जवारीत बसलेली बाई त्यांना दिसली नसणार. गाझातली, खार्किवमधली, तेहरानमधली अशी बाई मला आणि माझ्या ग्रुपला दिसावी, एवढंच मी मागच्या लेखात मागितलं होतं. त्यात गप्प बसा असं कुठं आहे?

आपल्या लोकांना हे जमत नाही असंही नाही. सप्टेंबरात जायकवाडीचे दरवाजे उघडले तेव्हा हाच ग्रुप होता, हीच माणसं. कुणी पाण्याचा व्हिडिओ टाकला की लगेच विचारणा: ‘कुठला? किती वाजताचा? तू स्वतः काढला का?’ एकानं पूल वाहून गेल्याचा जुना व्हिडिओ टाकला. दहा मिनिटांत ढालेगावकडच्या माणसानं लिहिलं, ‘आपल्या पुलाला असले कठडे न्हाईत, काढ ते.’ आणि त्यानं काढला. रात्री दोनला एक जण बॅटरी घेऊन नदीवर गेला, पाणी घाटाच्या कितव्या पायरीवर आलंय ते मोजून लिहिलं, आणि त्या एका ओळीवर खालच्या वस्तीनं जनावरं सोडली. मजा येणार, असं एकानंही लिहिलं नाही. पाणी आपल्या दारात होतं म्हणून? मला वाटतं तसंच. मग दोह्याचं पाणीही आपल्याच गल्लीत येतं, हे मी त्यांना सांगत राहणार.

आता तुमच्याकडून एक मदत हवी आहे. कापसाच्या शुल्कमाफीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. अशी माफी पुन्हा वाढू नये म्हणून आम्ही आठ-दहा जण निवेदन तयार करतोय, आणि त्यासाठी इथल्या जिनिंगचे रोजचे भाव वहीत उतरवतोय, ओलाव्यासकट. मानवत, पाथरी, सेलूचे आकडे आहेत. गेवराईचे नाहीत. या आठवड्यात तुमच्याकडे खासगीत काय भाव निघाला आणि ओलावा किती धरला, तेवढं खाली लिहा. पावतीचा फोटो असेल तर फारच चांगलं.