कांचनजंगाच्या फोटोंत डिस्लेक्सिया कशाला?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया फोनकडून वाचून घेतली. लांब मजकूर मी ऐकतो, आणि हे उत्तरही बोलूनच टाइप केलं आहे. तुमचं म्हणणं असं की फोटो मुंबईतल्या कांचनजंगा या इमारतीचे, मग मध्येच माझा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचताना-लिहिताना येणारी अडचण, कशाला? चांगल्या फोटोला सहानुभूतीचा टेकू लागत नाही.

सहानुभूती मलाही नकोच. पण डिस्लेक्सिया वगळला तर हे फोटो असेच का आले, ते सांगता येणार नाही. आर्किटेक्टच्या नकाशावरची अक्षरं आणि आकडे मला चटकन लागत नाहीत, डावं-उजवंही गोंधळतं. म्हणून मी इमारतीभोवती फिरतो, वेगवेगळ्या वेळी, आणि ऊन कुठे पडतं ते बघतो. कांचनजंगा मला अशीच कळली. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या या ८४ मीटर उंच टॉवरमध्ये आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी सोडवलेला प्रश्न उन्हापावसाचाच तर आहे. मुंबईत समुद्र पश्चिमेला, वाराही तिकडचाच. पण दुपारचं रणरणतं ऊन आणि जुलैचा झोडपणारा पाऊसही तिथूनच येतो. जुन्या बंगल्यांत खोल्यांभोवतीचा व्हरांडा हे सगळं अंगावर घ्यायचा. कोरियांनी तो व्हरांडाच वर चढवला, इमारतीचे कोपरे कोरून दोन मजली उंचीच्या गच्च्या काढल्या. त्या पोकळीत सावली कुठवर सरकते हे बघत राहिल्याशिवाय तो कोपरा उमगत नाही. तुम्हाला ‘तेच तेच’ वाटलेले फोटो म्हणजे हे बघत राहणं आहे.

डिस्लेक्सियामुळे नजर तेज होते, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तसं कुणी म्हटलं की मला रागच येतो. मग ज्या मुलाला चित्र, फोटो काहीच जमत नाही त्यानं काय करायचं? त्याला वाचायला वेळ लागतो, मदत मिळायला एवढं कारण पुरे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियाचा समावेश झाला. तरी मुलाला तपासणीला नेताना शेजाऱ्यांना कळू नये म्हणून धडपडणारे पालक मला आजही भेटतात. त्यांच्यासाठी हे उघड लिहितो, पुढेही लिहीन.

उभ्या रेषा वर जाताना आत झुकतात, हा तुमचा दुसरा मुद्दा. कॅमेरा वर उचलला की तसं होतंच, शिफ्ट लेन्सनं त्या सरळ करता येतात. इथे मी मुद्दाम केल्या नाहीत. पेडर रोडवरून मान वर करून बघताना जाणवणारी उंची मला हवी होती. लांबून काढलेले, सरळ रेषांचे फोटो पुढच्या भागात देतोय. तेही बघा आणि काय वाटलं ते असंच स्पष्ट कळवा.