सोळावर घेतलेला पत्ता

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या संकुलाच्या लिफ्टमध्ये चार शेजारी उभे असताना इस्त्रीवाल्याने काल मला सरळ विचारले, "साहेब, सी विंगच्या काकांचे पैसे तुम्ही बुडवले म्हणे?" पैसे बुडवणे हे काम पतसंस्थांच्या संचालकांनी करायचे असते. मी एवढेच केले होते, की पणजीला मांडवी नदीतल्या एका तरंगत्या कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलाशी शेवटच्या खुर्चीवर बसून, माझी बेरीज सोळा आणि डीलरचा उघडा पत्ता दहाचा असताना, आणखी एक पत्ता मागितला होता. ब्लॅकजॅकमध्ये प्रत्येक जण कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्या डीलरशी खेळतो; बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकी चांगली, पण एकवीस ओलांडले की बाद.

हा माझा लहरीपणा नव्हता. सतरा होईपर्यंत डीलरला पत्ते घ्यावेच लागतात, आणि त्याच्यापुढे दहा दिसत असेल तर सोळावर थांबणारा शंभरातील साधारण सत्त्याहत्तर वेळा हरतो. पत्ता घेणाराही तेरापैकी आठ प्रकारच्या पत्त्यांनी एकवीस ओलांडून बाद होतोच, परंतु लांबच्या हिशेबात तो केसभर कमी हरतो. अमेरिकी सैन्यातील चार जणांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून, कोणत्या बेरजेवर पत्ता घ्यायचा आणि कोणत्या बेरजेवर थांबायचे याची ही पद्धत 1956 साली प्रसिद्ध केली. ती तंतोतंत पाळली आणि टेबलाचे नियम बरे असले, तर कॅसिनोचा फायदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरतो. मी ती पाठ केली होती. मला राजा आला, म्हणजे दहा, आणि मी बाद झालो. डीलरचा झाकलेला पत्ता सहाचा निघाला, त्यावर पंजा येऊन त्याचे एकवीस झाले आणि त्याच टेबलावर बसलेल्या काकांचे अठरा वाया गेले. मी थांबलो असतो, तर तो राजा डीलरच्या सोळावर पडून तोच बाद झाला असता.

तेव्हापासून काकांनी ही कथा संकुलात इतक्या निष्ठेने सांगितली आहे, की पाणीकपातीची सूचनासुद्धा इतक्या घरांत पोहोचत नाही. काल लिफ्टमधून बाहेर पडताच ते समोर आले.

"तो राजा डीलरचा होता," ते म्हणाले.

"काका, पुढचा पत्ता कोणता आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते."

"मला ठाऊक होते."

"मग सांगितले का नाहीत?"

"मी खाकरलो होतो."

शेवटच्या खुर्चीवरचा माणूस पत्ता घेऊन डीलरला जितका वाचवतो तितकाच बुडवतो, हे मी त्यांना शांतपणे समजावले. आदल्याच डावात माझ्या पत्त्यानंतर डीलर बावीसवर फुटला होता, याचीही आठवण करून दिली. "ते माझे नशीब," काका म्हणाले. म्हणजे जिंकणे त्यांचे नशीब आणि हरणे माझे कर्तृत्व.

हेच काका विमा क्षेत्रातून निवृत्त झालेले असल्यामुळे, डीलरपुढे एक्का दिसला की 'इन्शुरन्स', म्हणजे त्याचा झाकलेला पत्ता दहाच्या किमतीचा निघेल अशी वेगळी पैज, घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ही पैज जिंकल्यास दुप्पट मिळतात, पण ती परवडण्यासाठी दर तीनपैकी एक पत्ता दहाच्या किमतीचा असावा लागतो, आणि प्रत्यक्षात तेरात चारच असतात. "आयुष्यभर लोकांना घ्या म्हणालो, आता स्वतः नको म्हणू?" असे त्यांनी त्या टेबलावर अभिमानाने विचारले होते. त्या रात्री इन्शुरन्समध्ये त्यांचे जे गेले, त्याचा उल्लेख इस्त्रीवाल्यापर्यंत पोहोचलेला नाही.

आपल्या राज्याने 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्दच केला, म्हणून ठाणेकराला अशा बोलण्यांसाठी गोव्यापर्यंत रेल्वेचे भाडे भरावे लागते. शिवाय ते टेबल काकांनीच निवडले होते, कारण तेथे कमीत कमी पैज लहान होती. तेथे ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस, आल्यावर दोनास तीनऐवजी पाचास सहा या दराने पैसे मिळत होते. एवढ्या एका बदलाने कॅसिनोचा फायदा सुमारे एक पूर्णांक चार टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ज्या केसभर फरकासाठी मी तक्ता पाठ केला, त्याच्या कित्येक पट रक्कम खुर्चीवर टेकताच गेलेली होती. हे मी तेथेच सांगितले होते, परंतु तेव्हा मी खाकरलो नव्हतो, स्पष्ट मराठीत बोललो होतो. बहुधा म्हणूनच कोणी ऐकले नाही.

पुढच्या सहलीची यादी आता निघाली आहे. माझ्या नावापुढे काकांनी स्वहस्ते 'फक्त प्रेक्षक' असे लिहिले असून खर्चाचा वाटा मात्र पूर्ण धरला आहे.