कुत्र्यासह विमानाने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हिताच्या चार गोष्टी

आपला कुत्रा हा घरचाच माणूस आहे असा आपला समज असेल, तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी तो मनातून काढून टाकावा. मे महिन्यात आमच्या बंड्याला, म्हणजे एका धिप्पाड लॅब्रेडॉरला, मुंबईहून नागपूरला नेल्यापासून या विषयातील माझ्या ज्ञानात मोलाची भर पडली असून ते आपल्यापुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रथम कंपनीला फोन करून सर्व नियम नीट लिहून घ्यावेत. काउंटरवर ते कोणालाही ठाऊक नसतात, त्यामुळे तेथील कर्मचाऱ्यांना शिकवताना ते उपयोगी पडतात.

कुत्रा पाळतानाच तराजू जवळ ठेवावा. अकासा एअरने नोव्हेंबर 2022 पासून प्राण्यांना केबिनमध्ये घेण्यास सुरुवात केली, तेव्हा पिंजऱ्यासकट 7 किलोंची मर्यादा होती. म्हणजे पामेरियनवाल्यांनी खुशाल मिरवावे आणि आमच्यासारख्यांनी सामानकक्षाची वाट धरावी. पग असेल तर उत्तमच, कारण चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्म्यात श्वास घेणे जड जाते म्हणून अनेक कंपन्या त्यांना सामानकक्षात घेतच नाहीत आणि आपला प्रवासच वाचतो.

कुत्र्याला गुंगीचे औषध मुळीच देऊ नये. त्याने श्वास मंदावतो, शिवाय गुंगीत वावरण्याचा हक्क कर्मचारीवर्गासाठी राखीव आहे.

पिंजरा असा असावा की कुत्र्याला त्यात उभे राहता, वळता आणि ऐसपैस पसरता येईल. तसा तो असल्यास काउंटरवर टेप न लावता, केवळ नजरेने, ‘फार मोठा आहे’ असे ठरते. मग रेबीजच्या लशीची नोंद आणि पशुवैद्याचा दाखला पुन्हा एकदा मागितला जातो, आणि शेवटी जादा सामानाचे भाडे भरून घेताना मात्र पिंजरा अचानक योग्य मापाचा होतो.

नागपूरला उतरल्यावर घाई करू नये. बसमध्ये उभे राहून बाहेर पाहावे. सामानकक्षात हवेचा दाब आणि तापमान राखलेले असते असे आपल्याला समजावून सांगितलेले असतेच. परंतु भर दुपारी सुटकेसांच्या रांगेशेजारी उघड्या ट्रॉलीवर ठेवलेल्या पिंजऱ्याचे तापमान कोण राखतो, हे कोणी सांगत नाही. पिंजऱ्याच्या दाराला लावलेली पाण्याची वाटी पालथी झालेली, जीभ एका बाजूला लोंबलेली, आणि विचारल्यावर उत्तर काय, तर ‘काका, आधी बॅगा जातील, मग डॉगी!’ अहो, बॅगेला ऊन लागत नाही! कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड ठेवतो, आणि तापलेल्या हवेत त्या धापाही पुऱ्या पडत नाहीत, एवढे तरी जिवंत प्राणी हाताळणाऱ्याला माहीत नको?

पिंजऱ्यावर ‘जिवंत प्राणी’ अशी ठसठशीत चिठ्ठी तुम्हीच चिकटवता, त्याचे पैसेही तुम्हीच घेता. मग तो पिंजरा सर्वांत आधी उतरवून सावलीत नेण्यासाठी एक माणूस नेमायला तुमचे काय जाते? जमत नसेल तर नेऊ नका, तसे तिकीट काढतानाच स्पष्ट सांगा. आम्ही गाडी करून जाऊ. परंतु भाडे घेऊन मुक्या जिवाला उन्हात तळत ठेवायचे आणि वर तक्रार केली की सेवेला गुण द्यायला सांगणारा संदेश पाठवायचा, हा निव्वळ निलाजरेपणा आहे.